केलिरिक्को

सिगारेट सोडून एन्सिओला आज एकवीस दिवस झाले
आणि खोकला वाढलाय.

ओढत होता तेव्हा सकाळी दोनदा खाकरायचा, बस.
चाळीस वर्षं तेवढंच. घड्याळ लावावं त्यावर.
आता रात्री तीनला उठून बसतो
पलंगाच्या कडेला, लोकरी मोज्यातले पाय जमिनीवर टेकून,
आणि आतून काहीतरी खरवडून काढतो,
काळपट, चिकट,
बोटीच्या तळाला बसलेल्या जुन्या डांबरासारखं.

"बघ," म्हणतो, "बरा होतो मी आधी."
मी बघत नाही. मी पाणी तापवते.

चिडतो हल्ली.
पाव जाड कापला म्हणून चिडला.
रेडिओवरच्या बाईवर चिडला,
जी गेली अकरा वर्षं त्याच शांत आवाजात
वाऱ्याचा वेग सांगते.
मग कुत्र्याची माफी मागितली. माझी नाही.
पँटचं बटण लागत नाही.
खिशात सिगारेटच्या जागी गाजराचे तुकडे,
धुतल्यावर मशीनमध्ये सापडतात.

पलीकडच्या किनाऱ्यावरच्या दवाखान्यात फोन केला
तर नर्स मिर्वा हसली.
म्हणाली, तुओवी, फुप्फुसांच्या वाटेवर बारीक केस असतात,
धुरानं लुळे पडलेले. ते आता उठलेत.
इतक्या वर्षांचा केर काढायला घेतलाय त्यांनी.
झाडताना धूळ उडायचीच.
रक्त दिसलं, ताप आला, तर मात्र लगेच ये.

लगेच म्हणजे कसं, मी विचारलं.
खिडकीबाहेर केलिरिक्को.

बोथनियाच्या खाडीतल्या आमच्या बेटावर
हा ऋतू कॅलेंडरात छापलेला नसतो.
हिवाळ्यात बर्फावरून गाडी घालतो आम्ही, थेट दुकानापर्यंत.
उन्हाळ्यात बोट.
मधले हे तीन-चार आठवडे
बर्फ माणूस पेलत नाही आणि बोटीला वाट देत नाही.
पाय ठेवलास तर गेलास.
वल्हं मारलंस तर अडकलास.
टपाल येत नाही. यीस्ट संपतं.
माणसं आपापल्या बेटावर बसून
एकमेकांच्या धुराड्यांकडे बघतात.
आणि तरी या दिवसांना कुणी
"हिवाळा परत आला" म्हणत नाही.

हे मी त्याला सांगितलं नाही.
शहाणपण शिकवणाऱ्या बायकोचं त्याला तसंही वावडं.

एकोणिसाव्या दिवशी
होडीच्या शेडमध्ये त्यानं एक ओढली होती.
वास मला आला. कुत्र्याला आधी आला,
ते दारातच बसून राहिलं.
एन्सिओ आत उभा, पाकीट हातात,
पन्नासेक वर्षांपूर्वी बापानं पकडलेला पोरगा.
"सगळं पाण्यात गेलं," म्हणाला.
मी म्हटलं, अठरा दिवस तर तुझेच आहेत.
ते कुठे जातात?

पाकीट त्यानं चुलीत नाही फेकलं, सिनेमात फेकतात तसं.
वरच्या फळीवर ठेवलं, रंगाच्या डब्यामागे.
अजून तिथंच आहे.
आम्हा दोघांनाही माहीत आहे.

काल रात्री आवाज झाला.
मला वाटलं खोकला. नव्हता.
खाडीत बर्फ फुटत होता,
लांबवर, कण्हल्यासारखा,
मग कुणी काचा सांडल्यासारखा.
तो जागाच होता.
"ऐक," म्हणाला,
आणि ऐकता ऐकता श्वास रोखून धरला त्यानं,
बराच वेळ.
मी मनात मोजत होते,
सोळा, सतरा.
पूर्वी नवावरच धाप लागायची.

मग खोकलाच. खूप खोकला.
मी पाणी तापवायला उठले.